मूसिक आणि कुम्भील : पाली वाङ्मयातील दोन प्राणी व जातिभेदाचा प्रश्न

पाली वाङ्मयातील प्राणिसृष्टीचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष सहसा सिंह, हत्ती, मृग आणि हंस यांच्याकडे जाते. सिंहाची गर्जना तथागतांच्या धम्मदेशनेला उपमा म्हणून येते. हत्तीच्या पावलात इतर सर्व प्राण्यांची पावले मावतात. हे प्राणी ग्रंथातही मानाचे आणि शिल्पातही मानाचे. प्रस्तुत लेखासाठी आम्ही मुद्दाम दोन निराळे प्राणी घेतले आहेत. एक जमिनीत बीळ करून राहणारा उंदीर आणि दुसरी नदीच्या पाण्यात दबा धरून बसणारी मगर. उंदराला कोणी मोजत नाही आणि मगरीला कोणी विसरत नाही. सुत्तांनी या दोघांना कोणते स्थान दिले हे पाहू लागलो असता आम्हाला असे दिसले की, हा विषय शेवटी माणसाच्या जातीच्या प्रश्नापर्यंत येऊन पोहोचतो. तेथपर्यंतची वाट वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दांविषयी. पालीत उंदराला 'मूसिक' आणि 'उन्दूर' हे शब्द आहेत. मगरीला 'कुम्भील' आणि 'सुंसुमार'. मराठी वाचकाला यांतील दोन शब्द परके वाटू नयेत. 'उन्दूर' म्हणजे आपला उंदीर आणि 'सुंसुमार', संस्कृतातील 'शिशुमार', म्हणजे आपली सुसर. याच शिशुमारापासून हिंदीत गंगेतील डॉल्फिनला 'सूंस' म्हणतात. त्यामुळे संस्कृत ग्रंथांत हा शब्द आला की तो नेमका कोणत्या जलचराचा, असा वाद होत असतो. पाली कथांत मात्र फारशी शंका राहत नाही. तेथे तो पाण्यातल्या खडकावर निश्चल पडून राहणारा आणि माकडाचे काळीज खाऊ पाहणारा प्राणी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पालीचे व्याकरण आणि कोश यांवर केलेले काम महाराष्ट्र शासनाने १९९८ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले. त्यातील एका कोशात पाली शब्दांचे अर्थ मराठीतही दिलेले आहेत. पुढे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात दर्जा मान्य केला. त्याचा आनंद आम्हालाही आहेच. पण उंदीर आणि सुसर हे शब्द त्याआधी शेकडो वर्षे शेतकऱ्याच्या आणि कोळ्याच्या तोंडी नांदत होते, हेही लक्षात ठेवलेले बरे.

हे दोन्ही प्राणी मज्झिमदेसाच्या भूगोलातूनच सुत्तांत आलेले आहेत. गंगेच्या खोऱ्यातील भातशेती, धान्याची कोठारे आणि मातीचे बांध ही उंदराची भूमी. घुशीच्या जातीचा एक लहान उंदीर शेताच्या बांधात लांबलचक बिळे करतो आणि त्यांत धान्याच्या लोंब्या साठवून ठेवतो, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. त्याच खोऱ्यातील नद्यांत मगर आणि घडियाल या दोन्ही जाती होत्या. घडियाल निमुळत्या जबड्याने मुख्यतः मासे पकडते. मगर काठावर पाणी प्यायला आलेल्या जनावराला ओढून नेते, प्रसंगी माणसालाही. आपल्याकडे सांगलीजवळ कृष्णेच्या पात्रात मगरी आजही दिसतात, तेव्हा हे भय केवळ ग्रंथातले नाही. शरीरधर्माच्या दृष्टीने पाहिले तर उंदीर हा उष्ण रक्ताचा लहान प्राणी. त्याला रोज खावे लागते, म्हणून तो सतत हिंडतो. मगर, अजगर हे थंड रक्ताचे मोठे प्राणी. एकदा पोट भरले की ते कित्येक दिवस अन्नावाचून राहू शकतात. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. उन्हाळ्यात पाणी आटू लागले की मगरही काठाच्या मातीत खोल बीळ खणते आणि त्यात राहते. खणणे हे काही उंदराचेच वेगळेपण नव्हे.

भग्ग जनपदाच्या नगरालाच 'सुंसुमारगिरि' असे नाव होते. नगर वसवताना जवळच्या डोहात सुसर ओरडली म्हणून हे नाव पडले, असे अट्ठकथा सांगते. परंपरेनुसार भगवंतांनी आपला आठवा वर्षावास तेथील भेसकळावनात केला. बोधिराजकुमाराचा कोकनद प्रासाद तेथलाच, आणि वृद्ध नकुलपित्याला 'शरीर आजारी असले तरी चित्त आजारी होऊ देऊ नकोस' असा उपदेश मिळाला तोही तेथेच. बहुतेक अभ्यासक हे ठिकाण आजच्या चुनारजवळ मानतात.

आता उंदराच्या मुख्य सुत्ताकडे वळू. अंगुत्तरनिकायाच्या चतुक्कनिपातात वलाहकवग्ग नावाचा वग्ग आहे. त्यातील मूसिकसुत्तात भगवंत चार प्रकारचे उंदीर सांगतात. एक बीळ खणतो पण त्यात राहत नाही. दुसरा राहतो पण स्वतः खणत नाही. तिसरा खणतही नाही आणि राहतही नाही. चौथा खणतो आणि राहतोही. जगात माणसेही अशीच चार प्रकारची आहेत. येथे खणणे म्हणजे काय, याचा सुत्तातच खुलासा आहे. सुत्त, गेय्य, वेय्याकरण, गाथा, उदान, इतिवुत्तक, जातक, अब्भुतधम्म आणि वेदल्ल या नऊ अंगांचे अध्ययन, म्हणजे बुद्धवचन पाठ करणे, हे खणणे. 'हे दुःख आहे, हा दुःखाचा समुदय, हा निरोध आणि ही निरोधाकडे नेणारी प्रतिपदा' असे यथार्थ जाणणे, हे राहणे.

या उपमेचा विचार करू तितका थोडा आहे. विद्वत्तेला एवढी साधी आणि एवढी निष्ठुर कसोटी लावलेली दुसरीकडे क्वचितच आढळेल. पहिल्या प्रकारचा उंदीर आम्हा पाली शिकविणाऱ्यांच्या फार ओळखीचा आहे. विभक्ती पाठ, धातुरूपे पाठ, पाठभेदांची यादी तयार, आणि बीळ मोकळे. त्याच वेळी सुत्त दुसऱ्या प्रकारच्या उंदरालाही जागा देते, हे आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. ज्याने ग्रंथ वाचले नाहीत, ज्याला वाचण्याची संधीच दिली गेली नाही, पण ज्याने चार आर्यसत्ये जाणली, त्याला भगवंत राहणारा म्हणतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ज्या लाखो स्त्रीपुरुषांनी धम्मदीक्षा घेतली, त्यांतील पुष्कळांना अक्षरओळखही नव्हती. त्यांच्या धम्माची योग्यता पाठांतराने मोजणाऱ्यांनी हे सुत्त एकदा पाहावे. मात्र सुत्ताने खणण्याला कमी लेखलेले नाही, हेही तितकेच खरे. चौथा उंदीर दोन्ही करतो. पुढच्या पिढीसाठी बीळ कोणीतरी खणावेच लागते.

हेच चार उंदीर अभिधम्मपिटकातील पुग्गलपञ्ञत्तीतही आले आहेत. तो ग्रंथ मनुष्यांचे वर्गीकरण करणारा ग्रंथ आहे. वर्गीकरणाची हौस प्राचीन भारतात सगळ्यांनाच होती. कोणी ते जन्मावरून केले, कोणी वर्तनावरून. पुग्गलपञ्ञत्तीत पानोपानी माणसांचे प्रकार आहेत. क्रोध किती वेळ टिकतो, ऐकलेले किती धरून ठेवतो, बोलणे व वागणे जुळते की नाही, अशा गोष्टींवर त्यांची विभागणी केलेली आहे.

मगरीचे स्थान याहून वेगळे आहे. चतुक्कनिपातातच पुढे भयवग्गात ऊमिभयसुत्त येते, आणि मज्झिमनिकायात चातुमसुत्तात तोच उपदेश प्रसंगासह येतो. चातुमा या शाक्यांच्या गावी आमलकीवनात भगवंत असताना सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्यासह पाचशे भिक्खू तेथे येतात आणि जागा लावताना, पात्रचीवरे ठेवताना मोठा गलबला करतात. मासे ओढताना कोळ्यांचा व्हावा तसा हा गोंगाट कसला, असे विचारून भगवंत त्यांना निघून जायला सांगतात. मग चातुमेचे शाक्य रदबदली करतात: पाण्यावाचून कोवळे रोप करपते, आई न दिसल्यास वासरू कासावीस होते, तसे हे नवे भिक्खू आहेत. भिक्खू परत येतात, आणि त्यानंतर भगवंत चार भये सांगतात. पाण्यात उतरणाऱ्याला लाटेचे, मगरीचे, भोवऱ्याचे आणि सुसुकेचे भय असते. सुसुका म्हणजे कोणता जलचर, यावर अनुवादकांत एकमत नाही.

यातील कुम्भीलभय कोणते? नव्याने प्रव्रजित झालेल्याला सांगितले जाते की, हे खावे, हे खाऊ नये. या वेळी खावे, या वेळी खाऊ नये. तो मनात म्हणतो, पूर्वी घरी असताना आम्ही हवे ते, हवे तेव्हा खात होतो. हे लोक आमच्या तोंडाला जणू कुलूप घालतात. आणि तो चीवर टाकून परत जातो. भगवंत म्हणतात, याला मगरीने धरले. मगर म्हणजे त्याचाच खादाडपणा.

हे पाहून आम्हाला प्रथम आश्चर्य वाटले होते. नदीकाठच्या लोकांना मगरीइतके बाहेरचे, दुसऱ्याचे, डोळ्यांनी दिसणारे भय दुसरे नसेल. तेच भय उचलून सुत्ताने माणसाच्या पोटात ठेवले. शत्रू पाण्यात आहे असे सांगून भीती घालणे सोपे होते. जातकांनी ते काही अंशी केलेही आहे. वानरिन्द, सुंसुमार आणि कुम्भील या तिन्ही जातकांत सुसर म्हणजे देवदत्त आणि माकड म्हणजे बोधिसत्त्व. कथा म्हणून त्या उत्तम आहेत. उंबराच्या झाडावर काळीज टांगून ठेवले आहे असे सांगणारे माकड कोणाला आवडणार नाही? पण सुत्तातील मगर अधिक खोल पाण्यातली आहे. संयुत्तनिकायात सहा प्राण्यांची उपमा आहे, तीही अशीच. साप, सुसर, पक्षी, कुत्रा, कोल्हा आणि माकड यांना एकत्र बांधले तर सुसर पाण्याकडे ओढते, साप वारुळाकडे, पक्षी आकाशाकडे, आणि जो बलवान त्याच्यामागे इतर फरफटत जातात. हे सहा प्राणी म्हणजे आपली सहा इंद्रिये.

मिलिन्दपञ्हाच्या शेवटच्या भागात, ओपम्मकथापञ्हात, भदन्त नागसेन राजा मिलिन्दाला अनेक प्राण्यांची व वस्तूंची 'अंगे' सांगतात. तेथे उन्दूर आहे आणि मोठ्या सरपटणाऱ्या हिंस्र प्राण्यांपैकी अजगर आहे. उंदीर इकडेतिकडे हिंडतो तो केवळ आहाराच्या आशेने. साधकानेही हिंडावे ते केवळ योनिसो मनसिकाराच्या, म्हणजे मूळापर्यंत जाणाऱ्या विचाराच्या शोधात. अजगराचे शरीर प्रचंड, पण तो कित्येक दिवस अपुऱ्या पोटी राहतो आणि देह टिकेल एवढ्यावर भागवतो. साधकानेही पोटाचा थोडा भाग रिकामा ठेवून उठावे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या निरीक्षणाला वर सांगितलेल्या शरीरशास्त्राचा पुरेसा आधार आहे. परंतु आमचा मुद्दा पुढचा आहे. ऊमिभयसुत्तात सरपटणारा मोठा प्राणी खादाडपणाचे चिन्ह आहे, आणि मिलिन्दपञ्हात तसलाच प्राणी मिताहाराचा आदर्श आहे. उंदराचेही तेच. धान्याच्या आशेने पळणारा उंदीर येथे तुच्छ नाही, त्याच्या पळण्यातूनच धडा घेतला आहे. कोणताही प्राणी जन्मतः शुभ किंवा अशुभ, उच्च किंवा नीच म्हणून येत नाही. त्याचे एक अंग घेतले जाते, तेही वागण्याचे, आणि बाकीचे सोडून दिले जाते.

याच्या शेजारी मनुस्मृती ठेवून पाहावी. तिच्या बाराव्या अध्यायात धान्य चोरणारा पुढच्या जन्मी उंदीर होतो असे सांगितले आहे. म्हणजे उंदीर असणे ही शिक्षा. अकराव्या अध्यायात मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा, घोरपड, घुबड, कावळा यांपैकी एखाद्याला मारले तर शूद्राच्या हत्येचे जे प्रायश्चित्त तेच करावे असे विधान आहे. घोरपड आणि माणूस एका तागडीत घातले आहेत, आणि काटा समतोल राहतो असे ग्रंथकाराचे म्हणणे आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला या ग्रंथाचे दहन का झाले, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. सुश्रुतसंहितेसारख्या वैद्यकाच्या ग्रंथातसुद्धा, कल्पस्थानात, सापांचे ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य आणि शूद्र असे चार वर्ग केले आहेत. वैद्यकाला त्याची काय आवश्यकता होती, हे समजणे कठीण आहे. उलट मूसिकसुत्ताच्या वग्गातच आसीविससुत्तात चार साप आहेत, आणि त्यांची विभागणी विष किती लवकर चढते व किती उग्र असते यावर आहे. तीही शेवटी माणसाच्या क्रोधाला लावलेली.

येथे निष्पक्षपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. जातककथाही या कल्पनेपासून पूर्ण मुक्त नाहीत. सच्चंकिर जातकात एक धनलोभी माणूस पुरलेल्या द्रव्यावर उंदीर होऊन जन्मतो. मात्र त्याच कथेत तो उंदीर कृतज्ञ निघतो आणि राजपुत्र कृतघ्न. आणि पुढे तो उंदीर म्हणजे मोग्गल्लान असे समोधानात सांगितले आहे. बिळार जातकात तर स्वतः बोधिसत्त्वच उंदरांचा नायक आहे आणि एका पायावर उभा राहून सूर्याकडे तोंड केलेला ढोंगी तपस्वी कोल्हा आहे. तरीही पूर्वजन्मीच्या पापाने या जन्मीची नीच स्थिती मिळते, हा विचार बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात का नाकारला, हे अशा कथा वाचताना ध्यानात ठेवावे लागते. निकायांतील उपमा आणि अट्ठकथांतील कथा यांना एकाच मापाने मोजू नये, असे आमचे मत आहे.

निकायांचा या प्रश्नावरील निर्णय वासेट्ठसुत्तात आहे. इच्छानंगल गावी वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांत वाद होतो की, ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने. भगवंत उत्तराची सुरुवात गवत आणि झाडे यांपासून करतात. मग किडे, पतंग, मुंग्या. मग लहानमोठे चतुष्पाद. मग लांब पाठीचे, पोटाने सरपटणारे प्राणी. मग मासे, मग पक्षी. या प्रत्येकात जातीचे चिन्ह जन्मतःच असते आणि ते डोळ्यांना दिसते. त्यानंतर ते माणसाचे केस, डोके, कान, डोळे, तोंड, नाक, ओठ असे एकेक अवयव घेतात आणि सांगतात की, अशी वेगवेगळी चिन्हे माणसांत कोठेही नाहीत. उंदीर आणि मगर यांत जो भेद आहे तो खरा जातिभेद. एकाला केस आहेत, दुसरीला खवले. एक पिले पाजतो, दुसरी अंडी घालते. ब्राह्मण आणि चांडाळ यांच्यात तसला एकही भेद दाखविता येत नाही. प्राणिशास्त्राच्या या भक्कम पायावर जातिसंस्थेला दिलेले इतके जुने उत्तर अन्यत्र आमच्या पाहण्यात नाही.

भगवंत ज्या प्रदेशात हिंडले, त्याच प्रदेशात 'मुसहर' नावाची जात आहे. बिहार आणि उत्तर प्रदेश या दोन्ही राज्यांत ती अनुसूचित जातींत मोडते. नावाचा अर्थ सामान्यतः 'उंदीर पकडणारे' असा केला जातो. कापणीनंतर शेतातील बिळे खणून उंदरांनी साठविलेले धान्य काढणे, हा या भूमिहीन मजुरांच्या पोटाचा एक आधार होता. २०१४-१५ मध्ये या समाजातील जीतनराम मांझी बिहारचे मुख्यमंत्री झाले; नावाला चिकटलेली तुच्छता मात्र तेवढ्याने गेली असे म्हणवत नाही. वासेट्ठसुत्ताने प्राण्यांची जात आणि माणसाची जात वेगळी केली, आणि त्याच भूमीत माणसाला प्राण्याचे नाव देऊन त्याची जात ठरविली गेली.

उंदराच्या स्पर्शाला विटाळ मानण्याची पद्धतही तेथे जुनीच होती. दीघनिकायाच्या ब्रह्मजालसुत्तात श्रमणाने ज्या हीन विद्यांपासून दूर राहावे त्यांच्या यादीत 'मूसिकच्छिन्न' आहे, म्हणजे उंदराने कुरतडलेल्या वस्त्रावरून शुभाशुभ सांगणे. शिवाय 'मूसिकविज्जा' निराळी. हा धंदा पुढेही बंद पडला नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वस्त्राच्या छेदांवरून फल सांगणारा स्वतंत्र अध्याय आहे. विनयाच्या परिवारात मात्र पाच प्रकारची पांसुकूल वस्त्रे सांगितली आहेत, आणि त्यांत स्मशानात टाकलेले, वाळवीने खाल्लेले, आगीत जळलेले यांच्याबरोबर उंदराने खाल्लेले वस्त्रही येते. ज्याला ज्योतिषी अशुभ म्हणे, तेच भिक्खूच्या चीवराला चालत होते.

मंगल जातकाच्या प्रत्युत्पन्न कथेत राजगृहाचा एक धनिक ब्राह्मण येतो. त्याच्या पेटीतील वस्त्रांची जोडी उंदरांनी कुरतडली. ती घरात राहिली तर सर्वनाश होईल आणि दासांना दिली तर त्यांच्याबरोबर आपलाही होईल, असे त्याला वाटले. त्याने मुलाला सांगितले, हाताने शिवू नकोस, काठीच्या टोकावर धरून ने, स्मशानात टाक आणि डोक्यावरून स्नान करून घरी ये. काठीच्या टोकावरचा हा स्पर्श आमच्या वाचकांना ओळखीचा आहे. मुलगा स्मशानाशी पोहोचला तेव्हा भगवंत तेथे होते. त्याने वस्त्रे टाकली, आणि तो नको नको म्हणत असताना भगवंतांनी ती उचलली व ते वेळुवनाकडे चालू लागले. मुलाने धावत जाऊन बापाला सांगितले. आता श्रमण गोतमाचा नाश होणार आणि दोष आपल्यावर येणार, या भीतीने ब्राह्मण दुसरी चांगली वस्त्रे घेऊन मुलासह वेळुवनात आला आणि ती अशुभ वस्त्रे टाकून द्या म्हणून विनवू लागला. भगवंत म्हणाले, आम्ही प्रव्रजित आहोत. स्मशानात, रस्त्यावर, उकिरड्यावर टाकलेली वस्त्रेच आम्हाला योग्य.